दृक्, प्रत्यय आणि वाद : आबालाल रहिमान यांची पाणकाठची चित्रे

कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांचा उल्लेख मराठी कलाविषयक लेखनात येतो तेव्हा त्यासोबत दोन गोष्टी बहुधा येतातच. आबालाल हे महाराष्ट्रातील पहिल्या दृक्प्रत्ययवादी निसर्गचित्रकारांपैकी एक होत, हे विधान ही पहिली. राजर्षी शाहू छत्रपतींच्या निधनानंतर त्यांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थाच्या तळ्यात बुडवली, ही आख्यायिका दुसरी. एक शैलीचे नाव आहे, दुसरी चरित्रातील कथा. या दोहोंच्या मध्ये प्रत्यक्ष चित्र असायला हवे. ते सहसा नसते. नाव उच्चारले की चित्राची जात ठरते आणि कथा सांगितली की चित्रकाराची थोरवी ठरते. पाहण्याचे काम शिल्लकच राहते.

हा प्रश्न केवळ कलेतिहासाचा नाही. बाहेरून आलेली संज्ञा आपल्या कलाकृतीला लावताना मराठी समीक्षा काय करते, याचा तो एक नमुना आहे. बालकवींच्या निसर्गकवितेला 'रोमँटिक' म्हणताना, मर्ढेकरांच्या कवितेला 'नव' म्हणताना आपण याच वाटेने गेलो आहोत. तेथे निदान कविता हाताशी असते. पुस्तक उघडून संज्ञा तपासून पाहता येते. चित्राच्या बाबतीत तीही सोय नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील तिसगावसारख्या गावी राहून साहित्याचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला आबालाल भेटतात ते पुस्तकातल्या लहानशा छापील प्रतिकृतीतून, आणि त्याहून अधिक त्या प्रतिकृतीखालच्या वर्णनातून. जेथे मूळ चित्र दूर असते तेथे संज्ञेचे वजन वाढते. म्हणूनच ती संज्ञा नीट उलगडून पाहणे आवश्यक ठरते. 'दृक्प्रत्ययवाद' या शब्दाचे तीन घटक आहेत : दृक्, प्रत्यय आणि वाद. या तिन्ही घटकांवर आबालालांची पाणकाठची चित्रे कितपत उतरतात, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

१

प्रथम संज्ञेच्या प्रवासाविषयी. १८७४ च्या एप्रिलमध्ये पॅरिसमध्ये छायाचित्रकार नादार याच्या जुन्या स्टुडिओत काही चित्रकारांनी सरकारी सालोंबाहेर स्वतःचे प्रदर्शन भरवले. त्यात क्लोद मोने याचे ल आव्र बंदरातील सूर्योदयाचे चित्र होते आणि त्याच्या शीर्षकात 'इंप्रेशन' हा शब्द होता. लुई लर्वा या पत्रकाराने 'ल शारिव्हारी' या पत्रात तो शब्द उचलून सगळ्या मंडळींची टिंगल केली. हे चित्र नव्हे, चित्राचा नुसता ठसा आहे. ते पुरे झालेले नाही, असा त्या टिंगलेचा रोख होता. म्हणजे हे नाव जन्मले ते अपुरेपणाचा आरोप म्हणून. चित्रकारांनी पुढे तेच स्वीकारले, ही गोष्ट वेगळी.

मराठीत या शब्दाचे दोन मार्ग झाले. चित्रकलेच्या संदर्भात त्याला 'दृक्प्रत्ययवाद' हा प्रतिशब्द मिळाला. साहित्यसमीक्षेत मात्र 'इंप्रेशनिस्टिक' समीक्षेसाठी 'आस्वादक' आणि 'संस्कारवादी' हे शब्द वापरले गेले. मूळ शब्द एकच असून मराठीत त्याचे अर्थक्षेत्र असे विभागले जावे, ही बाब सहज सोडून देण्याजोगी नाही. 'प्रत्यय' या शब्दात खात्रीचा अंश आहे. प्रत्यय येतो तो पटण्यासाठीच. 'संस्कार' म्हणजे मागे उरलेला ठसा. न्यायदर्शनात स्मृती ही संस्कारातून उपजणारी मानली आहे. एकात वर्तमानाची निश्चिती आहे, दुसऱ्यात भूतकाळाची खूण आहे. फ्रेंच शब्दात हे दोन्ही मिसळलेले होते आणि वर टिंगलेचा दंशही होता. 'दृक्प्रत्ययवाद' हा प्रतिशब्द घडवताना तो दंश गळाला. अपुरेपणाचा आरोप नाहीसा झाला आणि त्या जागी एक भारदस्त ज्ञानशास्त्रीय पद उभे राहिले. त्यामुळे मराठी वाचकाला ही संज्ञा पहिल्यापासून गौरवाची वाटते. एखाद्या चित्रकाराला ती लावणे म्हणजे त्याला मान देणे, अशी आपली समजूत झाली आहे. आबालालांच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे.

२

आता 'दृक्'. आबालालांचा जन्म १८६० च्या सुमाराचा. १८८० च्या दशकात ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि १८८८ मध्ये त्यांना व्हाइसरॉयचे सुवर्णपदक मिळाले. १८५७ मध्ये सुरू झालेल्या या शाळेचे शिक्षण इंग्लंडमधील साउथ केन्सिंग्टनच्या नमुन्यावर बेतलेले होते. रेखाटनाची अचूकता, छायाप्रकाशाची क्रमवार घडण, पृष्ठभागाची सफाई हे तेथले मानदंड होते. आबालालांचे विद्यार्थिदशेतील रेखाटन या मानदंडांना पुरेपूर उतरणारे आहे. पदक त्याचेच होते. कोल्हापूरला परतल्यावर मात्र त्यांच्या निसर्गचित्रांत सफाई मागे पडत गेली आणि रंगाचा मोकळा, तुटक स्पर्श पुढे आला. रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा घाट हे त्यांचे पुनःपुन्हा येणारे विषय. दगडी बांधकाम, त्याचे पाण्यातील प्रतिबिंब आणि दोहोंवर पडलेला प्रकाश, एवढ्या तीन गोष्टींवर त्यांची नजर खिळलेली दिसते. हा मोकळा स्पर्श पाहूनच त्यांचे नाते फ्रेंचांशी जोडले गेले.

पण स्पर्शाचे साम्य हे माध्यमाचे साम्य नव्हे. फ्रेंच चित्रकारांचे मुख्य माध्यम तैलरंग होते. धातूच्या नळीत भरलेला तयार तैलरंग १८४० च्या दशकात प्रचारात आला आणि त्यामुळे उघड्यावर बसून तैलचित्र पुरे करणे सोयीचे झाले. तैलरंगात प्रकाश हा वरून लावायचा असतो. मोनेच्या सूर्योदयात निळसर करड्या पातळ थरावर सूर्य आणि त्याचे पाण्यातील प्रतिबिंब नारिंगी रंगाच्या जाड फटकाऱ्यांनी शेवटी ठेवलेले आहे. चित्रात जेथे प्रकाश सर्वाधिक आहे तेथेच रंगही सर्वांत दाट आहे.

पारदर्शक जलरंगाचा न्याय याच्या उलट असतो. तेथे पांढरा रंग नसतो. पांढरा असतो तो कागद. पाण्यावरची चमक रंगवायची नसते, ती राखायची असते. चित्रकाराला पहिला हात फिरवण्यापूर्वीच ठरवावे लागते की प्रकाश कोठे राहणार. त्यानंतरचा प्रत्येक थर हा त्या प्रकाशाभोवती घातलेले कुंपण असतो. चुकून एक थेंब पसरला तर गेलेला प्रकाश परत आणता येत नाही. निसर्गचित्रांत आबालालांचे प्रमुख माध्यम जलरंग होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या स्पर्शाचा अर्थ बदलतो. तैलरंगातील तुटक फटकारा ही एक भर असते. जलरंगातील तुटक स्पर्श हा दोन स्पर्शांमधील कोऱ्या जागेसाठी असतो. डोळ्याला दोन्ही सारखेच थरथरताना दिसतात. हाताचा विचार मात्र परस्परविरुद्ध असतो.

मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मध्ये माध्यमाचा विचार कलाविचाराच्या मध्यभागी आणला आणि संवाद, विरोध व समतोल या तत्त्वांवर लयीची उभारणी केली. त्यांच्या विचारातील अडचणी रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) सविस्तर तपासल्या आहेत. तरीही मर्ढेकरांचा एक धडा येथे टाळता येत नाही. लय ही माध्यमाच्या संवेदनांची असते, म्हणून माध्यम बदलले की लयीचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. मोनेच्या चित्रात विरोध आहे तो दोन रंगांमध्ये. जलरंगात मूळ विरोध रंग आणि कागद यांच्यात असतो. हा हिशेब न मांडता दोघांना एकाच नावाखाली बसवणे म्हणजे अभंग आणि ओवी ही दोन्ही गाता येतात, म्हणून त्यांना एकच छंद मानण्यासारखे आहे.

जलरंगाची ही शिस्त इंग्रजी परंपरेतून मुंबईच्या कलाशिक्षणात आली. येथे एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. १८७०-७१ च्या युद्धकाळात मोने आणि कामी पिसारो लंडनमध्ये होते आणि तेथे त्यांनी टर्नर व कॉन्स्टेबल यांची चित्रे पाहिली होती. तेव्हा कोल्हापूर आणि पॅरिस यांच्यात जे साम्य दिसते त्यातील काही भाग तरी एका समान पूर्वजाकडून आलेला आहे, असे मानण्यास जागा आहे. 'प्रभाव' या शब्दाने आपण नेहमी पितापुत्राचे नाते कल्पितो. येथे नाते असलेच तर दूरच्या भावंडांचे आहे.

३

'प्रत्यय' या घटकाकडे वळताना शहरी नदीकाठाचे एक प्रसिद्ध चित्र समोर ठेवू. ओग्यूस्त रन्वार याने १८७२ मध्ये पॅरिसमधील पाँ नफ हा पूल रंगवला. हे चित्र आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. पुलासमोरील एका कॅफेच्या वरच्या मजल्यावरून ते काढलेले आहे. चित्रकाराचा भाऊ एदमाँ याने पुढे सांगितलेली त्याची हकिकत अशी की, तो खाली पुलावर जाऊन येणाऱ्याजाणाऱ्यांना किती वाजले असे विचारीत असे. माणूस क्षणभर थांबे आणि तेवढ्यात वर रन्वार त्याची आकृती टिपून घेई. या चित्रातला काळ हा असा अक्षरशः घड्याळातून मागून घेतलेला आहे. ऊन माथ्यावरचे आहे, सावल्या निळ्या आहेत, माणसे एकमेकांना अनोळखी आहेत आणि पाहणारा वरून, बाजूने पाहतो आहे. युद्ध आणि कम्यून यांतून नुकतेच बाहेर पडलेले शहर येथे जणू काही घडलेच नाही असे चालते आहे. क्षणाचा प्रत्यय म्हणतात तो हा.

याच्या शेजारी रंकाळ्यातील संध्यामठ हा विषय ठेवून पाहावा. संध्यामठ ही तळ्याच्या पात्रातच उभी असलेली जुनी दगडी वास्तू. तळे भरले की ती पाण्याखाली जाते, पाणी उतरले की पुन्हा उघडी पडते. तिचा किती भाग दिसावा हे ऋतू ठरवतो. वैशाखातील संध्यामठ आणि भाद्रपदातील संध्यामठ ही एकाच विषयाची दोन 'क्षणचित्रे' नव्हेत. वास्तूचे दृश्य अस्तित्वच त्या दोन वेळी निराळे असते. अशा काठावर येणाऱ्या चित्रकाराला कोणाला थांबवून वेळ विचारण्याची गरज नाही. पाण्याची पातळी हेच तेथले घड्याळ आहे आणि ते मिनिटांचे नसून महिन्यांचे आहे. दगडावर उरलेली मागच्या पाण्याची रेघ हा शब्दशः संस्कार आहे. अशा विषयात समोरचा प्रकाश वर्तमानाचा असतो, पण तो ज्या दगडावर पडतो त्यावर मागची पाणीपातळी लिहिलेली असते. मराठीने वेगळे केलेले प्रत्यय आणि संस्कार हे दोन अर्थ येथे पुन्हा एकत्र येतात.

यावर एक आक्षेप संभवतो. त्याच त्या विषयाकडे परत येणे हे काही आबालालांचेच वैशिष्ट्य नाही. मोनेने १८९०-९१ मध्ये गवताच्या गंजींची आणि त्यानंतर रूआँच्या कॅथीड्रलची मालिका रंगवली. आक्षेप रास्त आहे. मात्र मोनेच्या मालिकेत वास्तू स्थिर असते आणि प्रकाश बदलतो; म्हणूनच ती चित्रे शेजारी शेजारी टांगून पाहायची असतात. कॅथीड्रल पाण्याखाली जात नाही. जेथे वस्तू आणि प्रकाश दोन्ही बदलतात तेथे तुलनेसाठी स्थिर असे काही उरत नाही. उरतो तो केवळ पाहणारा, जो वर्षानुवर्षे त्याच गावात राहतो. रन्वारचा पाहणारा वाटसरू आहे. येथला पाहणारा रहिवासी आहे.

तेव्हा पॅरिसची नदी आधुनिक आणि कोल्हापूरचा काठ सनातन, असा सोपा भेद येथे अभिप्रेत नाही. आबालालांच्या हयातीतील कोल्हापूर वेगाने बदलत होते. १८७० च्या दशकात पंचगंगेवर दगडी पूल उभा राहिला, १८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे आली, १९०६ मध्ये शाहू मिलची स्थापना झाली. आणि ही गिरणी कोटितीर्थाला लागूनच होती. म्हणजे आबालाल ज्या तळ्याच्या काठी राहिले त्याच काठावर गिरणीचा भोंगा वाजत होता. आर्झांतय येथील मोनेच्या काठावर रेल्वेचा पूल आणि कारखाने होते, तसाच हाही काठ होता. जुना घाट आणि नवी गिरणी एकाच पाण्यात उभी होती. आबालालांच्या चित्रांना 'गूढ शांती'ची विशेषणे बहाल करणाऱ्या लेखनात हा काठ सहसा येत नाही. शांती ही त्या स्थळाची सहज अवस्था नव्हती. चित्रात ती असेल तर ती निवडलेली आहे, आणि निवड ही समीक्षेचा विषय असते.

४

शेवटचा घटक 'वाद'. न्यायशास्त्रात कथेचे तीन प्रकार सांगितले आहेत : वाद, जल्प आणि वितंडा. त्यांपैकी वाद हा तत्त्वनिर्णयासाठी असतो, पण तोही एकट्याने होत नाही. पक्ष आणि प्रतिपक्ष दोन्ही लागतात. फ्रेंच चित्रकारांना प्रतिपक्ष होता. सालोंचे परीक्षक, टिंगल करणारी पत्रे, हळूहळू तयार होणारा ग्राहक आणि पोल द्युराँ-रुएल यांच्यासारखा चित्रविक्रेता, या सगळ्यांच्या मध्ये ती चित्रे उभी राहिली. १८७४ ते १८८६ या काळात त्यांनी आठ प्रदर्शने भरवली. सफाईला नकार देणे ही तेथे जाहीर भूमिका होती.

आबालालांची स्थिती याहून सर्वस्वी वेगळी आहे. सफाईची परीक्षा त्यांनी आधीच पदकासह जिंकली होती. त्यानंतर ते त्या परीक्षेच्या क्षेत्रातून बाहेर पडून आपल्या गावी आले. शाहू महाराजांच्या आश्रयात दरबारी मागणीची कामे होती. काठावरची चित्रे मात्र ना परीक्षकासाठी होती, ना विक्रेत्यासाठी. सफाई त्यांनी कोणाविरुद्ध सोडली नाही. ती मागणारे कोणी समोर नव्हते. मुंबईच्या कलावर्तुळातही जाड रंगलेपनाची, मध्य युरोपीय वळणाची निसर्गचित्रे रुजू लागली ती १९३० च्या दशकाच्या अखेरीस व्हिएन्नाहून आलेल्या वॉल्टर लँगहॅमर यांच्यानंतर. तोपर्यंत आबालाल हयात नव्हते. ज्या कृतीमागे गट नाही, जाहीरनामा नाही आणि प्रतिपक्षही नाही, तिला 'वाद' म्हणताना आपण एका इतिहासाचे कथानक दुसऱ्या इतिहासावर चढवतो.

मग या कृतीला काय म्हणावे? कोल्हापुरातच त्याचे उत्तर शोधता येईल. शाहू महाराजांच्या त्याच दरबारात अल्लादिया खाँ गात होते. गायकाचे जीवन मैफल आणि रियाज या दोन भागांत विभागलेले असते. मैफलीला श्रोता असतो, रियाजाला नसतो. रियाजात तोच स्वर रोज नव्याने लावायचा असतो आणि कालचा स्वर साठवून ठेवायचा नसतो. आबालालांच्या दरबारी कामाला मैफल म्हटले तर काठावरची चित्रे हा त्यांचा रियाज होता, असे म्हणता येईल. ही उपमा 'वाद'पेक्षा अधिक जवळची आहे, कारण ती त्या चित्रांची संख्या, त्यांचे मोकळेपण आणि त्यांच्या जतनाविषयीची बेफिकिरी या तिन्हींचा एकत्र उलगडा करते.

येथेच ती आख्यायिका समोर येते. ६ मे १९२२ रोजी शाहू महाराजांचे निधन झाले आणि त्या दुःखात आबालालांनी चित्रे तळ्यात सोडली, असे सांगितले जाते. चित्रांची संख्या सांगणाऱ्यागणिक बदलते. रियाजाच्या उपमेने या कथेलाही अर्थ देण्याचा मोह होतो : जे साठवायचे नव्हतेच ते पाण्याला दिले. हा मोह आवरायला हवा. एक तर कथेवरून चित्रांचा अर्थ लावणे म्हणजे पुन्हा चित्र बाजूला ठेवणे. दुसरे असे की, एका मुसलमान चित्रकाराच्या या कृतीला आपण नकळत विसर्जनाचा विधी बनवतो आणि त्याच्या शोकाला आपल्या ओळखीचा आकार देतो. ही कथा आबालालांविषयी जेवढे सांगते त्याहून अधिक आपल्याविषयी सांगते. चित्रे का जपली गेली नाहीत, या प्रश्नाला ती एक सुंदर उत्तर पुरवते : त्यानेच बुडवली. चित्रे न जपणाऱ्या समाजाला हे उत्तर फार सोयीचे असते.

बुडाली असतील ती चित्रे परत येणार नाहीत. उरलेली आहेत, त्यांतील काही कोल्हापूरच्या टाउन हॉल वस्तुसंग्रहालयात पाहता येतात. त्यांच्याविषयी लिहिताना समीक्षेने काही साध्या गोष्टी पाळायला हव्यात. चित्राचे वर्णन करताना कागद, आकार आणि रंगाचा प्रकार नोंदवावा. कोठे रंग लावला आहे याबरोबरच कोठे लावलेला नाही हेही सांगावे. जलरंगाचा पांढरा म्हणजे कागद. कागद पिवळा पडला की चित्रातला उजेडच मावळतो, म्हणून कागदाची आजची अवस्था हाही अर्थनिर्णयाचा भाग आहे. छापील प्रतिकृतीत तर मूळ कागदाचा पांढरा आणि छपाईच्या कागदाचा पांढरा यांतील भेद पुसला जातो. दूरच्या गावातील विद्यार्थ्याला प्रतिकृतीवरच भागवावे लागते, हे मान्य केले तर त्या प्रतिकृतीखाली शैलीच्या नावापेक्षा या नोंदी अधिक उपयोगाच्या ठरतील. त्यांच्या आधारे तो स्वतः पाहू शकेल आणि प्रसंगी समीक्षकाशी मतभेदही करू शकेल.

सारांश, 'दृक्प्रत्ययवाद' ही संज्ञा आबालालांना जशीच्या तशी लागू पडत नाही. 'दृक्' स्वीकारायचे तर माध्यमाचा भेद सांगून स्वीकारावे लागते. 'प्रत्यय' स्वीकारताना त्यात 'संस्कारा'चा अर्थ परत मिळवून द्यावा लागतो. 'वाद' मात्र सोडून द्यावा. त्याला येथे आधार नाही. एवढे केल्याने आबालालांचे मोल कमी होत नाही. पॅरिसशी असलेल्या साम्यावर त्यांची थोरवी अवलंबून ठेवण्याची गरज मात्र उरत नाही, आणि कोऱ्या कागदाचा उजेड राखणाऱ्या त्या हाताकडे त्याच्याच अटींवर पाहण्याची वाट मोकळी होते.